जाड तार

कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि काकूंना त्या ऐकू आल्या नाहीत. त्या दिवशी काका बाजारात गेले आणि गिटार घेऊन आले.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, अजूनही राहते. घर जयपूरच्या झोटवाड्यात, रेल्वेलाइनला लागून असलेल्या गल्लीत. मी वैशाली नगरमधल्या एका शाळेत ग्रंथपाल. साताऱ्याहून इथे आल्यावर मराठी घरमालक मिळाला म्हणून मला हायसं वाटलं होतं. घरमालक कसे आहेत हे समजायला पुढे बराच काळ गेला. काका मालगाडीचे गार्ड होते. मूळचे भुसावळचे. बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतरही परत गेले नाहीत. का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "परतीचा सिग्नल कुणी दिलाच नाही."

कुकरच्या दिवशी जळक्या डाळीचा वास माझ्या खोलीपर्यंत आला म्हणून मी खाली उतरले. स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामध्ये दार नाही, नुसती चौकट आहे. चौकटीच्या आत काकू आपल्या नेहमीच्या जागी, काळ्या लोखंडी पेटीवर बसून मेथी निवडत होत्या. चार हातांवर कुकर ओरडत होता. काका ओट्यापाशी उभे होते आणि कुकरकडे न बघता काकूंकडे बघत होते. मग त्यांनी गॅस बंद केला. काकूंनी मान वर केली.

"झाली का एक शिट्टी?"

"झाली," काका म्हणाले.

डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज बराच काळ टिकतात, आणि काकूंचे कान थांबणार नाहीत, हळूहळू जातच राहणार. काकूंनी या निदानावर विश्वास ठेवला नाही. त्यांचं म्हणणं, डॉक्टर पुटपुटतो. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते त्या वेलदोड्यांच्या डबीत ठेवत. "लावलं की भांडीच बोलतात सगळी," त्या सांगत. "माणसांचं काही कळत नाही, नुसती भांडी." समोर बसून, हळू आणि ठासून बोललं की त्यांना समजायचं. पाठीमागून बोललेलं सगळं वाया जायचं. काका म्हणायचे की चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी जे काही बोलायचं राखून ठेवलं होतं, ते आता पाठीमागून बोलता येतं, एवढाच काय तो फायदा.

गिटारच्या खरेदीची हकिगत त्यांनी मला त्याच संध्याकाळी जिन्यात सांगितली.

"दुकानात गेलो. म्हटलं, सगळ्यात जाड आवाजाचं काय आहे? त्याने ढोल दाखवला. मी म्हटलं, भैया, घरात बसून वाजवायचंय, वरात नाही काढायची. तर म्हणे, फिर गिटार ले जाइए अंकलजी, इसमें एक मोटा तार है."

"आणि बाकीच्या पाच तारा?"

"तेच विचारलं. म्हणे, वो साथ में आते हैं." काकांनी गिटार उलटी करून तिच्या पाठीवर टकटक केलं. "मग विचारतो, बच्चे की उम्र क्या है? म्हटलं, सदुसष्ट."

ते मला नावाने हाक मारत नसत. लायब्ररीबाई म्हणत. मला संगीतातलं काही कळत नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्यांना तेच हवं होतं. कळणारी माणसं मधे बोलतात, असा त्यांचा अनुभव.

शिकण्याची त्यांची एक पद्धत होती. मोबाइलवर कुणीतरी शिकवणारा शोधून त्यांनी त्याचं थोडं पाहिलं, आणि तो सुरुवातीपासून शिकवतो म्हणून बंद केला. त्यांचं तत्त्व असं की गाडी सुरू करायचं काम ड्रायव्हरचं, संपवायचं काम गार्डचं. शेवटचा डबा स्टेशनातून बाहेर पडलेला दिसत नाही तोवर गाडी गेली असं मानत नाहीत. म्हणून ते प्रत्येक रचना शेवटापासून बसवत. आधी शेवटचा स्वर. तो नीट विझायला लागला की त्याच्या आधीचे दोन. मग त्याच्या आधीची ओळ. वरच्या खोलीत वाचत बसलेल्या माझ्या कानांवर महिनोन्‌महिने नुसते शेवट यायचे. पुस्तक बाजूला ठेवून मी नकळत मान हलवायची, संपलं, आणि ते पुन्हा संपायचं. सुरुवात ऐकायला मिळाली की मला घरात पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

पहिलं वर्ष तर शेवटांतसुद्धा विविधता नव्हती, कारण ते फक्त जाड तार वाजवत होते. आतली खोली अरुंद. काकांची लाकडी खुर्ची आणि काकूंची पेटी यांच्यात बोट घालायलाही जागा नव्हती. खुर्चीची पाठ पेटीला टेकलेलीच असायची. ही पेटी नोकरीभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काकांबरोबर फिरली होती. तिच्यात झेंडे, बत्ती आणि जेवणाचा डबा असायचा. निवृत्तीच्या दिवशी ती घरी कशी आली, हे मी विचारलं नाही. काकूंचे गुडघे जमिनीवर बसू देत नसत आणि पेटीची उंची त्यांना बरोबर पडायची, म्हणून दुपारचा चहा झाला की त्या भाजी घेऊन पेटीवर बसत आणि काका त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीत बसून जाड तार छेडत. तार वाजली की पेटीचं सैल झाकण झर्रर्र करायचं. तार गप्प झाल्यावरही ते थोडा वेळ करत राहायचं. काकू मेथी निवडायच्या. दोघं एकमेकांशी काही बोलत नसत. बाहेरून बघणाऱ्याला भांडण झालंय असं वाटलं असतं.

दुसऱ्या वर्षी काकांना उरलेल्या पाच तारांचा शोध लागला.

आता ते खरोखर वाजवू लागले, हे मला कबूल केलं पाहिजे. बोटं आखूड आणि जाड होती, पण त्यांना घाई नव्हती. स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या मालगाडीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना एक ओळ महिनाभर घोटण्याचं काय वाटणार? ते स्वतःच्या रचना करू लागले. गाडी जिथे जिथे अडकून पडली त्या जागांची नावं त्यांना दिली. 'फुलेरा आउटर' फार संथ होती. 'बांदीकुईचा चहा' लवकर संपायची आणि तोंडात काही राहायचं नाही. मोबाइलवर त्या ध्वनिमुद्रित करण्याला ते 'भरणं' म्हणत. आज फुलेरा भरली. बांदीकुई अर्धी भरून सांडली.

भरताना अडचणी येत. रेल्वेलाइन हाकेच्या अंतरावर, पण गाडीचा आवाज ते आवाजात धरत नसत. पलीकडच्या कडुलिंबावरचा मोर मात्र धरत. हा मोर 'फुलेरा आउटर'मधल्या एका ठरावीक स्वराला उत्तर द्यायचा. तिसऱ्या तारेवर वरच्या बाजूला बोट गेलं, की तो केकाटलाच. काकांनी खिडकी लावून पाहिली, स्वर हळू वाजवून पाहिला. मोराला हळूही ऐकू यायचं. "घरात एकाला शिट्टी ऐकू येत नाही, आणि ह्या साल्याला सगळं ऐकू येतं," ते म्हणाले. शेवटी त्यांनी रचनेतून तो स्वरच काढून टाकला आणि मला विचारलं, "आपल्याकडे रागांमध्ये वर्ज्य स्वर असतात ना, लायब्ररीबाई?"

"असतात."

"ते कुणी वर्ज्य केले?"

मला माहीत नव्हतं.

"हा मोराने केला," ते म्हणाले. पुढच्या सगळ्या रचनांमध्ये तो स्वर आला नाही.

मग त्यांनी 'कानोता' सुरू केली आणि घरातली शांतता गेली, कारण घरात शांतता हवी असं त्यांनी ठरवलं.

कानोत्याला धरण आहे, लोक तिथे सहलीला जातात. लग्नानंतर बदलीवर आल्यावर पहिल्याच सुट्टीला काका काकूंना तिथे घेऊन गेले होते. काकू भुसावळच्या रेल्वे यार्डाशेजारी वाढलेल्या; रात्रंदिवस डब्यांच्या शंटिंगचे धक्के ऐकत मोठ्या झालेल्या. त्या बांधावर बसल्या, थोडा वेळ काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "इथं काहीच वाजत नाही." आणि काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. काका संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा काकू दोन हातांच्या अंतरावर पोळ्या लाटत होत्या, त्यांच्याकडे पाठ करून.

"तिचे कान आहेत तोवर तिला ही एकदा नीट ऐकवायची," काका म्हणाले. "अजून कानाला लावून मोठ्याने ऐकलं तर येतं तिला. पण मोठं केलं की सगळंच मोठं होतं. कुकर मोठा, मोर मोठा, भाजीवाला मोठा. मग तिला भांडीच ऐकू येतात. म्हणून एकदा स्वच्छ भरायची. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मधे काही म्हणजे काही नको. आणि तिला आधी कळू द्यायचं नाही."

तुकडे जोडून करता येतं, मोबाइलमध्ये तशी सोय असते, असं मी शाळेतल्या मुलांकडून ऐकलं होतं, ते सांगितलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. अर्धी गाडी आज पोचली आणि अर्धी परवा, याला त्यांच्या खात्यात अपघात म्हणत.

'कानोता' बारीक तारांवरची रचना होती. पाण्यावर ऊन चमकावं तशी. मला ती आवडायची. तिचे शेवट तर मला पाठ झाले होते. पण भरायला बसलं की सर्वांत जास्त आवाज करायच्या त्या काकूच. काका भरताहेत हे त्यांना ऐकूच येत नसे. रचना अगदी हळुवार जागी पोचली की त्या वाटी पाडत, किंवा तिथूनच विचारत, "अहो, दुधाचं भांडं कुठं ठेवून राहिले तुम्ही?" आणि उत्तर आलेलं त्यांना कळत नसल्यामुळे पुन्हा विचारत.

ऐकू येत नाही, पण दिसतं, असा विचार करून काकांनी पेटीतले झेंडे बाहेर काढले. भरायच्या वेळी मी चौकटीत उभं राहून झेंडा दाखवायचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी मान हलवली, मी हिरवा झेंडा वर केला, त्यांनी 'कानोता' सुरू केली आणि काकूंनी मिक्सर लावला.

"हिरवा दाखवला ना तुम्ही?" काकू नंतर म्हणाल्या. "मग मी चटणी सुरू केली."

काका त्यांच्यासमोर बसले आणि हळू, ठासून म्हणाले, "हिरवा माझ्यासाठी. माझी गाडी सुटली."

"आणि मला?"

"गाडीला हिरवा असतो तेव्हा फाटक बंद असतं."

"मी फाटक आहे का?"

"फाटकवाली समज."

"बघ गं," काकू मला म्हणाल्या, "आयुष्यभर यांच्या डब्यात चटण्या भरल्या आणि आता म्हातारपणी फाटकावर बसवलं मला."

तेव्हापासून मी एका हाताने काकांना हिरवा आणि दुसऱ्या हाताने काकूंना लाल दाखवू लागले. जागा बदलून दारात उभी राहिले तर दोन्ही झेंडे गल्लीतही दिसायचे. भाजीवाला हातगाडी थांबवून मला विचारायचा, "बहनजी, एक बात बोलो. जाऊँ कि रुकूँ?" हे विचारलेलं मोबाइलमध्ये भरलं जायचं.

एकदा काकांनी कानोत्यालाच जाऊन भरायचं ठरवलं. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही दोघं बसने गेलो. बांधावर कुणाच्या तरी वाढदिवसाची वीसेक मुलं-मुली होती, आणि त्यांचा स्पीकर बंद पडला होता. चादरीतून गिटार निघालेली पाहताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. "अंकलजी आ गए," एक मुलगी अशी म्हणाली की जणू बोलावलंच होतं. काकांनी त्यांना 'कानोता'चा शेवट ऐकवला. तो संपल्यावर मुलं वाट बघत राहिली. मग केक कापताना त्यांनी वाढदिवसाची चाल वाजवली, तीसुद्धा शेवटाकडून, कारण त्यांनी तेवढीच बसवलेली होती. मुलं मागून पुढे गायली. परतताना काकांच्या मांडीवर कागदी थाळीत केकचा तुकडा होता. "वाजतं आता तिथं," ते एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी उरलेल्या आवाजांवर मोहीम काढली. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ माझ्या खोलीत आलं. तरीही भरलेलं कानाला लावून ऐकलं की त्यांना एक बारीक झर्रर्र ऐकू यायचं. 'कानोता'मध्ये जाड तार जेमतेम तीन ठिकाणी होती, आणि तिन्ही ठिकाणी ते यायचं. दोन दिवस गिटार तपासली, खिडकीच्या काचा दाबून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी गुन्हेगार सापडला. पेटीचं झाकण. आम्ही दोघांनी पेटी ढकलत व्हरांड्यात नेली आणि काकूंसाठी आतल्या खोलीत फोमची गादी असलेली खुर्ची ठेवली. दोन-चार दिवस काकू गादीवर बसल्या आणि मग दुपारची भाजी घेऊन ओट्यापाशी उभ्या राहू लागल्या.

आणखी एक गोष्ट झाली. काकूंनी काकांना टोमणे मारणं सुरू केलं. "गिटार ठेवली का गुंडाळून? दोन वर्षांत हौस फिटली?" काका गालातल्या गालात हसायचे. आश्चर्याचा धक्का द्यायचा असल्यामुळे ते काही बोलत नसत.

भरलेली स्वच्छ 'कानोता' जूनमध्ये मिळाली. जयपूरच्या जूनमध्ये दुपारी रस्त्यावर कुणी नसतं, मोरही गप्प असतो, पण घराघरातले कूलर घुमत असतात. आमचा कूलर बंद करून काका बनियनवर, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसायचे. पण गल्लीभरचे कूलर बंद कोण करणार? त्या दुपारी वीज गेली. सगळे कूलर एकदम थांबले. इतकी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. काकांनी मोबाइलचं बटण दाबलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी हिरवा झेंडा दाखवला आणि लाल घेऊन धावत दारात गेले, कारण वीज गेल्यावर लोक काय करतात हे मला माहीत होतं. ते बाहेर येऊन एकमेकांना विचारतात.

समोरच्या भाभीजी ओढणीने वारा घेत फाटकापर्यंत आल्याच होत्या. त्यांनी तोंड उघडलं. मी लाल झेंडा वर केला. त्यांनी तोंड मिटलं, पण मागून त्यांचे सासरे आले, बाजूचा शिंपी आला, त्याच्या मागे गिऱ्हाईक आलं. प्रत्येकाला विचारायचं होतं की तुमच्याकडेही गेली का, आणि प्रत्येकाला लाल झेंडा दिसत होता. आतून 'कानोता' येत होती. सासऱ्यांनी हाताने खूण करून विचारलं, कोण? भाभीजींनी गिटार वाजवल्याची खूण केली. मग सगळे भिंतीच्या सावलीत ओळीने उभे राहिले, घाम पुसत, आगीनगाडी जाईपर्यंत फाटकात उभे राहतात तसे. शेवटचा स्वर आला. तो विझायला काका किती वेळ देतात हे मला माहीत होतं, गल्लीला नव्हतं. शिंपी हलला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला. स्वर पूर्ण विझला, आणि बऱ्याच वेळाने काका आतून म्हणाले, "शेवटचा डबा गेला."

"चली गई क्या आपके यहाँ भी?" भाभीजींनी लगेच विचारलं.

त्या संध्याकाळी काकांनी काकूंना ओट्यापासून हाताला धरून आणलं, गादीच्या खुर्चीवर बसवलं, त्यांच्या कानांवर नवे, मोठे हेडफोन चढवले आणि आवाज पूर्ण मोठा केला. मी चौकटीत उभी होते. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुकरच्या दिवशी बघत होते तसे. संपल्यावर काकूंनी हेडफोन काढून दोन्ही हातांनी परत दिले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "मधे मधे काहीतरी येतं. कोणाचं आहे?"

"माझं."

"हो का?" त्यांनी सभ्यपणे मान हलवली. खुर्चीत सावरून बसत म्हणाल्या, "मग घरी का नाही वाजवत आता?"

काका त्यांच्यासमोर सरकले. "रोज वाजवतो. रोज. तुझ्यासमोर."

"काहीतरी सांगू नका. मला काय कळत नाही का?" काकूंनी खुर्चीच्या गादीवर हात आपटला. "पेटी वाजायची तुमच्या बाजाने. खालून वर यायचं, पार इथपर्यंत." त्यांनी मणक्याला हात लावला. "भाजी निवडताना बरं वाटायचं. मतलब, तुम्ही बसलात मागे, एवढं कळायचं. पेटी नेली आणि तुम्ही बंदच करून टाकलं."

हेडफोनची वायर काकांनी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग माझ्याकडे वळून, काकूंना कळू नये अशा बेताने, म्हणाले, "लायब्ररीबाई, मी गार्ड. आणि पेटी न घेता गाडीवर चढलो."

आम्ही पेटी व्हरांड्यातून आत आणली. कोपऱ्यात उन्हाने थोडा रंग गेला होता. खुर्चीची पाठ तिला टेकली, काकू बसल्या, आणि काकांनी जाड तार छेडली. झाकणाने झर्रर्र केलं. काकूंनी मेथीची जुडी सोडली. "आता कसं," त्या म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं काकांनी जाड तारेवरच रचना केल्या. बारीक तारा साथीला. कोणत्या स्वराला पेटी जास्त थरथरते, कोणत्याला काकू मान डोलावतात, ते त्यांनी बोटांत बसवून घेतलं. भरायची सवय सुटली नव्हती, पण आता मोबाइल ते पेटीच्या आत, झेंड्यांवर ठेवून झाकण लावायचे. त्या भरलेल्या रचना ऐकल्या तर पत्र्याच्या छपरावर कुणी वाटाणे सांडतंय असं वाटतं. काका त्या हेडफोनवर समाधानाने ऐकायचे आणि म्हणायचे, "स्वच्छ आलंय."

मागच्या थंडीत काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि चहाला उठले नाहीत. काकूंनी मला हाक मारली. त्या वेळी त्यांचे कान जवळजवळ पूर्ण गेले होते, आणि मी "आले" म्हटलेलं त्यांना कळलं नाही, म्हणून त्या मी खाली पोचेपर्यंत हाक मारत राहिल्या.

तेराव्यानंतर काकूंनी गिटार मला दिली. मला वाजवता येत नाही, असं मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं. "त्यांना तरी कुठं येत होती," त्या म्हणाल्या.

मी पहिल्यांदा खुर्चीत बसले. काकू मागे पेटीवर होत्या. मी जाड तार तीनदा छेडली आणि थांबले.

"घाई करतेस," मागून त्या म्हणाल्या. "शेवटचं हळू जाऊ द्यायचं. ते सोडायचे पूर्ण."

मी पुन्हा छेडली आणि झाकण गप्प होईपर्यंत हात हलवला नाही.

काका एक नवी रचना बसवत होते. नेहमीप्रमाणे शेवटाकडून. तिचा शेवट आहे, जाड तारेवरचे तीन स्वर. सुरुवात नाही. शाळेतून आल्यावर चहा झाला की मी तो शेवट वाजवते. काकू पेटीवर बसून भाजी निवडतात.